ओहामा-सान काय म्हणाले

“रेडा?” बाबा गाडीपाशीच थबकले. “या वयात मला रेड्यामागे बसवताय?”

मेधा हसली नाही. सकाळपासून ती एकटीच बोलत होती. गाइड ओहामा-सान जपानीत सांगायचे, ती सासऱ्यांना मराठीत सांगायची, मग सासऱ्यांचे प्रश्न पुन्हा जपानीत. या इरिओमोते बेटावरचं ते रानमांजर गावकऱ्यांना तरी दिसतं का? खारफुटीतले खेकडे इथं खातात का? तिच्या नवऱ्याला, अंबरीषला, तिच्याहून चांगलं जपानी यायचं. पण तो फोटो काढत होता.

बाबांना सांगायचं ते तो विमानात सांगणार होता. मग होडीत. मग जेवताना.

“परवा ते पुण्याला निघतील,” जेवणानंतर तिनं त्याला बाजूला घेतलं होतं. “मग काय, व्हॉट्सॲपवर कळवणार आहेस?”

“सांगतो गं. जरा त्यांचा मूड बघून.”

“त्यांचा मूड सकाळपासून छान आहे. तुझाच सापडत नाहीये.”

गाडी उथळ समुद्रातून पलीकडच्या चिमुकल्या बेटाकडे निघाली. रेडा आपल्या मर्जीनं चालत होता. बाबा खुशीत होते.

“पुढच्या वर्षी तुम्ही पुण्याला परत आलात ना, की मागची खोली तुमची. मी गीझरसुद्धा बसवून घेतलाय.”

अंबरीषनं लांबच्या एका बगळ्याचा फोटो काढला.

ओहामा-सान माइकवर बोलू लागले आणि मेधाही सुरू झाली. “त्या बेटावर पूर्वी गाव होतं. मोठं वादळ आलं, सगळीकडे पाणी शिरलं. लोक गाव सोडून गेले. एक जोडपं तेवढं मागे राहिलं. समोर दिसतायत ती झाडं त्यांनी लावली.”

“आणि गेले ते? परत नाही आले?”

मेधानं बाबांचा प्रश्न जपानीत विचारला. ओहामा-सान थोडक्यात काहीतरी म्हणाले.

“नाही. या बाजूच्या काठावर घरं बांधली त्यांनी.” मेधानं नवऱ्याकडे पाहिलं. तो लेन्स पुसत होता. मग त्याच आवाजात, न थांबता ती पुढे म्हणाली, “आणि ते म्हणतायत, तुमच्या मुलानंही इकडेच जपानात, ग्योतोकुला घर घेतलंय. आता ते दोघं पुण्याला राहायला परत येणार नाहीत.”

लेन्स पुसणारा हात थांबला.

बाबा ओहामा-सानांकडे बघत राहिले. आपल्या गोष्टीनं म्हाताऱ्याला वाईट वाटलं असं समजून ओहामा-सानांनी मान झुकवली आणि फार जुनी गोष्ट आहे ती, असं हळूच म्हणाले. मेधानं ते सांगितलं नाही.

“त्यांना म्हणावं,” बाबा म्हणाले, “माहिती पुष्कळ आहे त्यांना. पण हे मला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं.”

“ते तुम्हीच सांगा, बाबा. ज्याला सांगायचं तो समोर बसलाय. मी थकले आता.”

शेजारच्या बाकावरच्या जपानी बायका नम्रपणे पाण्याकडे बघू लागल्या.

अंबरीषनं कॅमेरा गळ्यातून काढला. तो उठून उभा राहिला तशी गाडी एका अंगाला कलली. रेडा पाण्यात थांबला. ओहामा-सान माइक विसरून ओरडले.

“काय म्हणतायत?” बाबांनी या वेळी मेधाकडे पाहिलं नाही.

“उठू नका म्हणतायत,” अंबरीष म्हणाला. “तोल जाईल.”

बाबांनी बाकावर शेजारी ठेवलेली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली; शेजारी एकाला बसण्यापुरती जागा झाली.