नोप

"सारखं 'नोप, नोप' काय करतेस गं?" शैलाबाईंनी नातीला विचारलं.

"नोप म्हणजे नाही. विषयच संपला!" कॉलेजात इंग्रजी शिकणारी रीमा म्हणाली. "आधी नुसतं 'नो' होतं. पण लोक ठासून 'नो' म्हणायचे आणि फटकन ओठ मिटायचे. त्या मिटलेल्या ओठांचा 'प' शेवटी चिकटला. तू म्हणून बघ ना, आजी."

"नोप," शैलाबाई म्हणाल्या आणि त्यांना हसूच आलं. उत्तनच्या बाजारात आईच्या मासळीच्या पाटीशी बसून, भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या अशाच "न्हाय!" म्हणून उडवून लावायच्या. लग्न झालं आणि तो शब्द माहेरीच राहिला. आता बेव्हर्ली पार्कातल्या लेकाच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना त्या दिवसभर "नोप, नोप" घोकत राहिल्या.

संध्याकाळी अभिनव ऑफिसातून आला तो चपला काढता काढताच म्हणाला, "आई, उत्तनच्या तुझ्या घराला गिऱ्हाईक मिळालंय. सगळं बोलून ठेवलंय मी. उद्या फक्त सही करायला यायचंय. चालेल ना?"

शैलाबाईंनी लेकाकडे पाहिलं. श्वास भरून घेतला. ओठ घट्ट मिटले.

"चला, आईचा होकार आहे," म्हणत अभिनव फोन लावायला गॅलरीत गेला.

रीमा आजीच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आजी, आधी 'नो' म्हणायचं असतं गं. ओठ मग मिटायचे."