वायरीवरची ऊब

उंदराने कॉम्प्युटरची वायर कुरतडली आणि लियाकतचाचांचा पत्त्यांचा डाव बंद पडला. लेक जोया सासरी जाताना कॉम्प्युटर इथं घुग्घुसच्या घरीच ठेवून गेली होती. घरात चाचांशी पत्ते खेळणारं तेवढंच उरलं होतं.

दुकानदार जाहिदने तीन पिनांची जाड वायर काढून दिली. "चालू करून हात लावून पाहा, चाचा. गरम लागली तं आत तांबं कमी हाय, वापस आणा. नाई तं घर जळन."

वायर गरम लागली, पण मधल्या मुठीएवढ्या जागेतच. चाचांनी ती बदलून आणली. दुसरीही नेमकी तिथंच गरम झाली.

तिसरी देताना जाहिद म्हणाला, "तुमच्या घरी वायरीले ताप येते का, चाचा?"

तिसरी लावली आणि भरदुपारी लाईन गेली. चाचांनी दोन्हीकडून पिना उपसून वायर मांडीवर घेतली. तासाभरानंही तेवढी जागा, कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी, गरमच होती.

हीसुद्धा परत करायची, असं पक्कं ठरवून त्यांनी शेवटचं म्हणून तिथं मूठ आवळली.

ऊब जराशी सरकली आणि तिनं त्यांच्या हाताला जागा करून दिली.