विहिरीवरची चिंधी

योकोहामात आज जुने कपडे टाकायचा वार होता. अंबरीष कचरा निवडत होता. ऑफिसच्या ओळखपत्राची फीत हाताला लागली. कापडात टाकायची की प्लास्टिकमध्ये, म्हणून त्यानं लेबल वाचलं: पॉलिएस्टर. त्यानं लेबल पुन्हा वाचलं. बायकोच्या, मेधाच्या ऑपरेशनआधी हिवाळ्यात दोघं आयर्लंडला गेली होती. तिथं पडक्या मठामागच्या विहिरीपाशी झाडाला चिंध्या बांधतात. चिंधी कुजते तसं दुखणं सरतं. त्यानं मेधासाठी बॅगेतली अशीच फीत बांधली होती. “झाडाला बांधलेली ती फीत कधीच कुजायची नाही गं,” तो म्हणाला. तिसऱ्या किमोनं गळाठलेली मेधा अंथरुणातूनच हसली. “एरवी दह्याचा डबा तीनदा धुऊन टाकतोस. तेव्हा लेबल नाही वाचलंस?” मग म्हणाली, “मीपण चिंधी बांधली होती. माझ्या सुती ओढणीची. तुझ्या पाठदुखीसाठी.” अंबरीष पिशवी उचलायला वाकला. हिवाळ्यापासून त्याची पाठ एकदाही दुखली नव्हती.