संध्याकाळच्या विड्या

यल्लव्वाचं शरीर तिच्याच स्नायूंवर उलटलं होतं. सकाळी धडधाकट, दिवस कलला की पापण्या गळत, बोटं लुळी पडत. निपाणीहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या या विडीकामगार बाईची संध्याकाळ बेळगावच्या डॉक्टरांना दिसणार कशी? म्हणून त्यांनी तिला स्वतः संध्याकाळी वळलेल्या विड्या आणायला सांगितलं. विड्या सैल निघाल्या तर गोळ्या अपुऱ्या, मग दुखण्याचं मूळ असलेली छातीतली ग्रंथी ऑपरेशननं काढायची. उशीर झाला तर श्वासच थांबेल. आज त्यांनी विडी दाबून पाहिली. “घट्ट आहे. ऑपरेशन नको, गोळ्याच चालू ठेवू.” त्या विड्या सोबत आलेल्या लेकीनं वळल्या होत्या. “छाती फाडल्यावर माणूस माघारी येतंय व्हय गं?” म्हणत काल संध्याकाळी आईनंच विड्यांचं सूप तिच्याकडं सरकवलं होतं. लेक खरं सांगायला डॉक्टरांकडं वळली. “चल गं, गाडी चुकंल,” म्हणत कितीतरी दिवसांनी आई हसली. लेकीनं डॉक्टरांकडं पाठ केली आणि तिच्यापुढं चपला मांडल्या.