आसारामची घंटी

घंटी वाजलीच नव्हती, तरी हौदातलं पाणी आजही चार बोटं खाली गेलं होतं. आसाराम कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला.

बहात्तरचा दुष्काळ. देवळालीच्या शिवारात विहिरींनी तळ गाठला होता आणि आसारामची मोसंबीची साठ झाडं या एका हौदावर तगून होती. पाण्याच्या वासानं मोकाट जनावरं बागेत शिरत. पलटणीत वायरलेसवर पंधरा वर्षं काढलेल्या गड्यानं त्यावर इलाज काढला. बागेच्या तोंडाशी, हौदाला लागूनच, एका बाजूला बॅटरीवरचा दिवा, समोर पत्र्याच्या नळीत विजेचा डोळा. मधून जनावर गेलं, उजेड तुटला, की घंटी वाजणार. वस्तीवरचे गडी काठ्या घेऊन धावणार आणि जनावर थेट कोंडवाड्यात. घंटी बंद करायचं बटण एका पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली त्याच्या करगोट्याला.

आता जनावर उडून येतं की काय, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्याला रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. त्यानं तारा तपासल्या, दिवा पुसला, स्वतःच चारदा आडवा जाऊन घंटी वाजवली. मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवण टाकून, तो पंपाच्या खोलीआड दबा धरून बसला.

आली ती त्याची बायको, मनकर्णा. तिच्यामागून कपिली. भाकड झाली म्हणून त्यानंच उन्हाळ्यात शेजारच्या सहादेवला देऊन टाकलेली गाय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. मनकर्णा नळीपाशी उकिडवी बसली. कुंकवाच्या पेटीतला आरसा काढून तिनं उन्हाचा कवडसा नळीत सोडला. गाय दिव्याच्या आड आली, निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि तिनं हौदाला तोंड लावलं. घंटी गप्पच.

आसाराम तिच्यामागे येऊन उभा राहिला. कधी शाळेत न गेलेल्या बायकोनं आपलं यंत्र बरोबर ओळखलं, याचं त्याला आधी कौतुक वाटलं. मग गाईकडे बघून लाज वाटली.

मनकर्णानं मान वळवली नाही. "तुमच्या डोळ्याला उजेड लागतो, त्यो मी देते," ती म्हणाली. "गाय त्याला कुटं दिसती."

आरसा धरून तिचा हात खाली येत चालला. कवडसा नळीच्या कडेला घसरू लागला.

आसाराम खाली बसला आणि त्यानं तिचं कोपर आपल्या तळव्यावर तोलून धरलं.

"हलू नगं. ती अजून पितीया."