आरशासमोरचा अंतरपाट

“राखाडी आहे का एखादी?” बाईंनी विचारलं, आणि देवश्रीचा हात लाल कांजीवरमच्या घडीवरच थांबला.

“लग्नाला राखाडी?”

“लग्नालाच. काठ बारीक असू देत.”

देवश्री कपाटाकडे वळली. मराठी गिऱ्हाईक आलं की तिलाच पुढे करायचे. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जायची, आणि सर्जापूर रोडवरच्या या नव्या दुकानात पुण्या-नागपूरचे आयटीवाले सारखे येत.

दुकान कसलं, लग्नघरच ते. मुंबईच्या डिझायनरने आत खरोखरीचा मांडव घातला होता. दाराला तोरण, बसायला गाद्या-लोड, हवेत मोगऱ्याचा वास. अगदी आत भिंतभर आरसा आणि आरशासमोर अंतरपाट. साडी पसंत पडली की ती नवरीच्या अंगावर घालून तिला अंतरपाटाशी उभं करायचं. सनई सुरू व्हायची, अंतरपाट बाजूला सरायचा आणि समोर नवरीला नवरी दिसायची. भल्या भल्या बायका तिथे रडत. गिऱ्हाईक साडीची किंमत विसरेल, हा क्षण विसरणार नाही, असं त्या डिझायनरने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

आज मात्र दारातच देवश्रीचं डोकं फिरलं होतं. स्वागताचा गजरा तिने बाईंसोबतच्या मुलीच्या केसांत माळला, तशी मुलगी हसून काहीतरी सांगायला गेली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

“राहू दे, शाल्मली.”

मुलगी तिशीच्या आतली, सावळी, तरतरीत, जीन्सवर कुर्ता घातलेली. बाई साठीकडे झुकलेल्या, फिक्या सुती साडीत.

“सासूबाई का?” देवश्रीने हळूच विचारलं होतं.

“हो. अलकाताई म्हणतात सगळे. मी आई म्हणते.”

आत्तापासूनच आई, देवश्रीच्या मनात आलं. आणि या आईला पोरीचं तोंड उघडलेलं चालत नाही.

तिने राखाडी साड्या आणून पसरल्या. अलकाताईंनी एक उचलली, स्वतःच्याच खांद्यावर टाकली, आरशात पाहिलं आणि मान डोलावली. शाल्मलीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“ही बरी आहे. घरच्या घरी लग्न, मोजकी माणसं. कशाला हवाय थाट?”

शाल्मलीने लाल कांजीवरम पुढे ओढलं. “आई, ही बघा ना. एकदाच.”

“लाल नको. शोभायचा नाही. लोक हसतील.”

देवश्रीची कानशिलं तापली. हेच शब्द. तिच्या स्वतःच्या लग्नात सासूने असंच म्हटलं होतं, सगळ्या बायकांदेखत. काळ्या पोरीला लाल शोभत नाही म्हणून बिस्किटी रंगाची साडी आणली होती. फोटोत देवश्री कुठे आहे ते शोधावं लागतं. तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि तिच्या बाजूनेही कुणी बोललं नव्हतं.

“स्वल्प थांबा, अक्का,” ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. “नवरदेवांना कुठला रंग आवडतो?”

“लालच,” शाल्मली पटकन म्हणाली. “त्यांनी मुद्दाम सांगितलंय मला.”

“पुरुषांना काय कळतंय त्यातलं,” अलकाताई म्हणाल्या आणि त्यांनी लाल साडी दूर सारली.

शाल्मलीचे डोळे भरून आले. “आई, एवढं एकदा मनासारखं होऊ दे ना.”

“सगळं मनासारखं करून चालत नाही, शाल्मली. ही राखाडी बांधा हो.”

देवश्रीने गल्ल्याकडे पाहिलं. मॅनेजर सूर्यकांतअण्णा तिच्याकडेच बघत होते. मागच्याच महिन्यात ती एका नवरीच्या मामाशी भांडली होती आणि अण्णांनी तिला आत बोलावून बजावलं होतं, “गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही. पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

“सरी, बरं अण्णा,” तिने तेव्हा मान खाली घालून म्हटलं होतं.

आता तिने राखाडी साडी उचलली, घडी घातली आणि बाजूला ठेवून दिली. मग लाल कांजीवरम झटकन उलगडून शाल्मलीच्या खांद्यावर टाकलं, तिचा दंड धरला आणि तिला सरळ अंतरपाटाशी नेऊन उभं केलं. सनई लावणाऱ्या माणसाला तिने खूण केली. सनई सुरू झाली.

“अहो, काय करताय?” अलकाताई मागोमाग आल्या. “थांबवा ते. लोक बघताहेत.”

“बघू देत.” देवश्री थांबली नाही. “मघापासून ऐकतेय मी. हे नको, ते शोभत नाही, लोक हसतील. लोक एक दिवस हसतील, अक्का. जिचं लग्न आहे तिला तो दिवस जन्मभर आठवणार आहे. तिला काय हवंय ते तिच्या तोंडून येऊ तरी द्या. तुमच्या लग्नात तुम्हाला कुणी विचारलं नसेल, म्हणून तुम्हीही तसंच करायचं का?”

अलकाताई जागच्या जागी थबकल्या.

“नव्हतं विचारलं कुणी,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

आसपासची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. गल्ल्यामागून सूर्यकांतअण्णा उठले आणि झपाझप इकडे यायला निघाले. देवश्रीने त्यांना येताना पाहिलं, पण ती मागे सरली नाही.

शाल्मलीने डोळे पुसले. खांद्यावरचा लाल पदर काढून तिने तो अलकाताईंच्या पांढऱ्या केसांवरून अलगद घेतला, त्यांना हाताला धरून अंतरपाटासमोर उभं केलं आणि म्हणाली,

“ऐकलंत ना, आई? लग्न तुमचं आहे.”