खमैसचा खोकला

खमैस खोकला, आणि बैठकीतल्या सगळ्यांनी आपापली वाक्यं अर्ध्यावर सोडली.

त्यात शाझलीचंही एक वाक्य होतं. चांगलं होतं, येताना बसमध्ये त्याने ते तीनदा घोळवलं होतं. पण बशीरकाकांनी हात वर केला, "थांब रे शाझली, आधी त्याला पाणी द्या," आणि वाक्य मेलं ते मेलंच.

फॉस्फेटच्या कारखान्याविरुद्धची ही समिती शाझलीने अकरा वर्षांपूर्वी काढली. घोषणा त्याच्या, पत्रकं त्याची. कारखान्याचा काळा गाळ खाडीत जातो, मासे संपले, खजुरीच्या बागा वाळल्या, हे त्याने मंत्र्यांना चौसष्ट पत्रांतून कळवलं होतं. खमैस आला गेल्या वर्षी. आला आणि खोकला. टीव्हीवाल्यांनी शाझलीला वीस मिनिटं बोलायला लावलं आणि बातमीत खमैसचा खोकला दाखवला. तोही पूर्ण.

तेव्हापासून शाझलीच्या छातीत आग होती. समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागे, कारण वर खमैस बसलेला असणार हे मध्येच आठवे. विजार सैल झाली होती.

"त्या माणसावर जळून जळून काटकुळा झालास," बायको वसीला लबलाबीचा, हरभऱ्याच्या गरम रश्श्याचा वाडगा पुढे सरकवत म्हणे. "खोकतोच ना बिचारा? त्याचा कसला हेवा?"

"त्याला वेळ साधता येते," शाझली म्हणे. "नेमका माझ्या मुद्द्यावर खोकतो."

आणि आता राजधानीहून, ट्यूनिसहून पत्र आलं होतं. संसदेच्या चौकशी समितीपुढे गावातर्फे एक साक्षीदार हवा. एकच. सोबत, कारखान्याने केलेल्या आजाराचा पुरावा म्हणून, छातीचा एक्स-रे. साक्ष पटली तर गाळ खाडीत सोडणं बंद करायला लावू, असं पत्रात होतं. त्या साक्षीदाराच्या खुर्चीची शाझलीने अकरा वर्षं वाट पाहिली होती.

"खमैसच जाईल," बशीरकाका म्हणाले. "त्यात वाद कसला?"

"मतदान," शाझली म्हणाला.

नियमावली त्यानेच लिहिलेली, एक्केचाळीस कलमांची. देशातल्या निवडणुकांवरचा विश्वास उडाल्यामुळे समितीत चहा की कॉफी हेसुद्धा पारदर्शक पेटीत, गुप्तपणे, बोटाला निळी शाई लावून ठरे. शेजारच्या गावाहून निरीक्षक येई. चहाच्या बाबतीत एकदा फेरमोजणीही झाली होती. 'एका मताची चोरी म्हणजे एका माणसाची चोरी,' असं पेटीवर शाझलीच्याच अक्षरात होतं.

उमेदवार दोन. दोघांनी सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढले.

"तुला कोण मत देणार, भावा?" रांगेत खमैसने विचारलं. "तू तर घोड्यासारखा धडधाकट."

"देवाची कृपा," शाझली दात आवळून म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. कुणाकुणाचं नशीबच चांगलं असतं." एवढं बोलून खमैस खोकला. नर्सने त्याला स्वतःची खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही लिफाफे आणायला शाझलीच गेला. तो समितीचा सचिव होता. दवाखान्याचं यंत्र जुनं, त्यामुळे नाव फक्त लिफाफ्यावर. दवाखान्यामागच्या कॉफीवाल्याकडे बसून त्याने दोन्ही फिल्म उजेडात धरून पाहिल्या. त्याला दोन्हीकडे माशाचे काटेच दिसले. पण डॉक्टरला कळणार.

संसदेत जाऊन खमैस करणार काय? खोकणार. आणि शाझली? तारखा देणार, आकडे देणार, चौसष्टच्या चौसष्ट पत्रं वाचणार. मग गावाचं भलं कशात होतं? खाडीतले मासे काही फुप्फुसं कुणाची म्हणून विचारणार नव्हते.

त्याने स्वतःची फिल्म खमैसच्या लिफाफ्यात घातली, खमैसची स्वतःच्या. मग उरलेली कॉफी प्यायला.

रविवारी सकाळी एकोणीस सभासद जमले. पेटी आली, शाई आली, निरीक्षक आला. कलम सतराप्रमाणे मतदानाआधी फिल्म वाचायच्या होत्या, म्हणून डॉक्टर सुंदुस आल्या होत्या.

आधी शाझलीचा लिफाफा उघडला. सोसणाऱ्या, सगळ्यांना माफ करणाऱ्या आजारी माणसाचा चेहरा त्याने पहाटेपासून आरशात बसवला होता.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीवर धरली.

"वा! तुमची छाती वीस वर्षांच्या मुलासारखी आहे."

टाळ्या पडल्या. माफ करणारा चेहरा थोडा वेळ तसाच राहिला. मग शाझलीच्या हळूहळू लक्षात आलं. ती छाती खमैसची होती! खमैसला काहीही झालेलं नव्हतं. वर्षभर नुसता घसा चालला होता!

मोठ्याने सांगायची सोय नव्हती. पण सांगायची गरजही नव्हती. दोघंही ठणठणीत निघाले की उरतं फक्त भाषण, आणि भाषणात शाझलीला तोड नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला खमैसबद्दल माया वाटली. खमैस मात्र टोपी कुस्करत जमिनीकडे बघत होता.

डॉक्टरांनी दुसरी फिल्म खिडकीवर धरली. खाली घेतली. चष्मा पुसला. पुन्हा धरली.

"खमैस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मतदान राहू दे. उद्या नको, आजच ट्यूनिसच्या इस्पितळात दाखल व्हायचं. डावं फुप्फुस जवळजवळ उरलेलंच नाही."

"माझं?" खमैस म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. अख्खी खोली त्याच्याभोवती गोळा झाली. "आणि या बिचाऱ्याला आम्ही निवडणुकीला उभं केलं!" बशीरकाका रडत म्हणाले. कुणी गाडी आणायला धावलं, कुणी पाणी आणायला. निरीक्षकाने डोळे पुसत खमैसची निवड बिनविरोध झाल्याचं जाहीर केलं.

आणि डॉक्टरांनी निरोगी छातीच्या दाखल्यावर सही करून, शिक्का मारून, तो शाझलीच्या हातात ठेवला.